गुरुराजची तिथी

हल्ल्याच्या आदल्या दुपारी आमची कंपनी एका नाल्यात दबून बसली होती. समोर डोंगराची धार होती. धारेवर शत्रूची दोन संगरं, म्हणजे दगड रचून केलेले मोर्चे. नकाशावर त्या जागेला नुसता नंबर होता. आमची पोरं तिला दाढ म्हणायची. खालून ती तशीच दिसायची आणि कित्येक दिवस तशीच ठणकत होती.

मी तेव्हा लान्स नाईक होतो, कंपनी कमांडर मेजर साहेबांचा रेडिओ ऑपरेटर. नाव नारायण राव. गाव तिरुवलंचुळी, कुंभकोणमच्या जवळचं, पांढऱ्या गणपतीचं. आडनाव विचारू नका, आमच्याकडे नुसतं राव असतं. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावूरकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. भरतीच्या रांगेत मी भावाशी मराठीत बोलत होतो, ते एका सुभेदारांनी ऐकलं आणि मला मराठी पलटणीत धाडलं. तिथं गेल्यावर कळलं की माझं मराठी ऐकून मराठी माणसं हसतात. मी तोंड मिटून त्यांचं मराठी शिकलो. हे लिहितोय ते पलटणीनं शिकवलेलं मराठी आहे.

पुढे माझ्यासारखाच आणखी एक आला. शिपाई गुरुराज राव. कुंभकोणम शहरातला, रेल्वेतल्या बुकिंग क्लार्कचा एकुलता एक मुलगा. उंच, सावळा, दात जरा पुढे, भूक दांडगी. पहिल्याच दिवशी लंगरमध्ये उभा राहून तो म्हणाला, "आणखी भात आहे कां म्हणून कोणाला पुसूं?" अख्खी बराक हसली. त्याचं नाव पेशवा पडलं. माझ्यासारखा तो गप्प बसला नाही. तो तसाच बोलत राहिला आणि दोन महिन्यांत साताऱ्याची पोरं एकमेकांना 'उगे ऱ्हा की' म्हणायला लागली. मला तो अण्णा म्हणायचा. फावल्या वेळात माझ्याजवळ बसून तो रेडिओ सेट चालवायला शिकला. खोलून, पुसून, परत जोडून. बॅटरी कशी वाचवायची, हे त्याला मी दहादा सांगितलं असेल.

हल्ला अमावास्येच्या रात्री ठरला होता. डोंगरात अंधार हाच आडोसा, तेव्हा कमांडर लोकांना अमावास्या हवीच असते. पोरांना ती नको होती. घरून निघताना अमावास्या टाळणारी ही माणसं, आणि आता त्याच दिवशी दाढ उपटायला जायचं. कोणी उघड काही बोललं नाही. पण पुढच्या प्लाटूनचा ऑपरेटर उंचीच्या आजारानं आडवा झाला आणि सेट कोण घेणार असं सुभेदार शिंदे साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांना एकदम बुटाच्या नाड्या बांधायच्या सुचल्या.

"मी घेतों की," गुरुराज म्हणाला.

"पेशवे, अमावास्या आहे आज," कोणीतरी म्हणालं.

"मग बरंच की. आमच्या गांवीं अमावास्या चांगली. नवं दुकान उघडतील, गाडी घेतील, सगळं अमावास्येलाच. दुकानापुढं कोहळा फोडतील. उद्यां वर जाऊन आपण फोडूं."

हे खरं आहे. तमिळ मुलखात अमावास्या शुभ मानतात. आमची घरं मधल्यामधे. आई कुळाचारानं अमावास्या टाळते आणि बाप शेजाऱ्यांचं बघून त्याच दिवशी सायकल विकत आणतो. गुरुराजनं बापाची बाजू घेतली. पोरं हसली, नाड्या बांधून झाल्या. शिंदे साहेबांनी सेट त्याच्या पाठीवर चढवला आणि पट्टे स्वतः ओढून बघितले.

रात्रीचं फार सांगत नाही. प्लाटून धारेच्या खाली पोचली. दोन संगरांची माहिती होती, तिसरं लपलेलं होतं, आणि मशीनगन त्याच्यात होती. शिंदे साहेब पुढे होते, ते तिथंच पडले. त्यांच्या मागे गुरुराज पडलेला दोघांनी बघितला. प्लाटून जखमींना घेऊन मागे आली. उजाडायच्या आत मेजर साहेबांनी खबर वर पाठवली, ती मीच सेटवर वाचली. मृतांत सुभेदार शिंदे आणि शिपाई गुरुराज राव. बटालियननं ती ब्रिगेडला दिली. तिथून ती कागदावर चढली आणि कागदावरून घराकडे निघाली.

ऊन पडल्यावर माझा सेट खरखरला.

"अण्णा. अण्णा, ऐकूं येतं कां?"

मेजर साहेब माझ्या शेजारी दगडाला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मी सेटवर नाव घेतलं नाही. म्हणालो, "येतं. कोठें आहेस?"

तो तिसऱ्या संगराच्या बरोबर खाली, एका पुढे आलेल्या शिळेखाली होता. दोन्ही मांड्यांत गोळ्या होत्या. रात्री सरपटत तिथं घुसला होता. इतका जवळ की वरची मशीनगन त्याच्याकडे वळवता येत नव्हती. पण त्याच्याकडे जाणारा प्रत्येक माणूस त्या गनपुढे उघडा होता. जखम पट्टीनं बांधली होती, पण वर बांधायला हवी होती तिथं शिळेखाली वळून हात पोचत नव्हता, असं म्हणाला. सगळं एखाद्या दुकानातलं सामान सांगावं तसं सांगितलं.

मेजर साहेब पंजाबी, पण पलटणीत राहून मराठी कळणारे. ते म्हणाले, "नारायण, ऊपर दुश्मन सुनता होगा, हिंदी समझता है. तुम लोग अपनी वाली बोलो."

तर आम्ही आमची बोललो. दिवसभर. जिच्यावर बराक हसली होती ती भाषा त्या नाल्यात सगळी कंपनी श्वास रोखून ऐकत होती. निम्मं त्यांना कळत नव्हतं, तरी कोणी उठून गेलं नाही.

नाईक पवार आणि आणखी एक जवान त्याला आणायला निघाले. पवारांना कोणी हुकूम दिला नव्हता. ते अर्ध्या चढावर पोचले आणि गन सुरू झाली. पवारांच्या खांद्यातून गोळी आरपार गेली, दुसऱ्यानं त्यांना ओढत खाली आणलं. सेटवर गुरुराजचा आवाज आला, त्या दिवसात एकदाच चढलेला.

"अण्णा, कोण येतायत? नको म्हणून सांग. मेजर साहेबांला सांग, कोणी येऊं नये."

मी सांगितलं. मेजर साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि बराच वेळ इकडे वळले नाहीत. पुढे कुंभकोणमच्या एका सभेत एका प्राध्यापकांनी मला विचारलं होतं, धुराचे गोळे टाकून माणूस आणता आला नसता का? टाकले होते, साहेब. वारा होता. धूर दरीत गेला आणि आम्ही बघत बसलो. तुम्ही पंख्याखाली बसून विचारलंत, मी सौजन्यानं उत्तर दिलं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

गुरुराज मात्र रिकामा बसला नाही. शिळेच्या फटीतून त्याला संगराची मागची बाजू दिसत होती. मागे एक पायवाट होती. तिच्यावरून त्यांची माणसं पाणी आणि दारूगोळा आणत. माणसं किती, कधी येतात, गनवरचा माणूस कधी बदलतो, वाट खाली कुठे उतरते, सगळं त्यानं सांगितलं. मी सांगेन तशा मेजर साहेब नकाशावर खुणा करत गेले. एकदा तो म्हणाला, "वरचा एकटा जेवतो आहे. डबा उघडला. वास येतो." मी विचारलं, तुला भूक लागली का? "लागली की," म्हणाला, "पण आतां कोणाला पुसूं?" आणि हसला. हसताना त्याला खोकला आला.

दुपारी तो मधेच म्हणाला, "अण्णा, अमावास्या सुटली कां?"

माझ्याजवळ कुठलं पंचांग. मी म्हणालो, "सुटली. सकाळींच सुटली."

"पोरांना चांगला दिवस म्हणून सांगटलं मी," तो म्हणाला. थोड्या वेळानं, "शिंदे साहेब रागावले असतील."

शिंदे साहेब त्याच्यापासून चार हातांवर पडले होते, हे त्याला दिसत होतं.  

सूर्य पश्चिमेच्या धारेमागे गेला. तिथं ऊन गेलं की थंडी लगेच हाडात शिरते. सेटवर त्याचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ.

"ऊन गेलं, अण्णा. आतां बरं. डोळ्यावर येत होतं."

"आज रात्रीं येतों आम्ही. मागच्या वाटेनं," मी म्हणालो.

"सरि," तो म्हणाला. सरि म्हणजे बरं. तमिळमध्ये आम्ही रोज शंभरदा म्हणतो. त्यानंतर मी हाक मारत राहिलो. उत्तर आलं नाही.

त्या रात्री आम्ही त्यानं सांगितलेल्या वाटेनं गेलो आणि दाढ उपटली. माणसं फार गेली नाहीत, कारण कुठे काय आहे हे सगळ्यांना पाठ होतं. शिळेखाली मीच पहिला पोचलो. गुरुराज कुशीवर होता. सेट छातीशी धरलेला, आणि बंद केलेला. बॅटरी वाचवायला. मी तिथं खाली बसलो आणि कोणी उठवेपर्यंत उठलो नाही. पहाटे शत्रूचे गोळे पडायला लागले. एका गोळ्याचा तुकडा माझ्या पावलात घुसला. स्ट्रेचरवरून मी खाली आलो आणि कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये पडून राहिलो. गुरुराजची शवपेटी कुंभकोणमला गेली तेव्हा मी तिथं नव्हतो.

कुबडी घेऊन मी रजेवर आलो, तेव्हा पुढच्या वर्षीचा चैत्र संपत आला होता. गावातून बस धरून कुंभकोणमला गेलो, गुरुराजचं घर शोधलं. दारात खरकटी केळीची पानं पडली होती. दोन भटजी दक्षिणा घेऊन बाहेर निघाले होते. आत त्याचे वडील, हनुमंत राव मामा, ओल्या धोतरात उभे होते. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला मामा म्हणतात, त्यांच्या बायकोला मामी.

"गुरुराजचा अण्णा कां?" ते म्हणाले. "ये. बरा आलास. आज त्याचं मासिक होतं."

मला क्षणभर कळलं नाही. मग भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. अमावास्या. पहिल्या वर्षी गेलेल्या माणसाचं श्राद्ध दर महिन्याला करतात, त्याच्या तिथीला. आमचे तमिळ शेजारी सूर्याच्या महिन्यानं मोजतात. आमची घरं अजून चंद्रानं मोजतात, देशावरच्यासारखी. त्या बाबतीत मामा घड्याळाहून काटेकोर. आयुष्यभर लोकांना गाडीची वेळ सांगितलेला माणूस. सरकारी तारेतली तारीख त्यांनी पंचांगाशी लावली आणि तिथी काढली, ज्येष्ठ अमावास्या. गुरुराजला मुलगा नाही म्हणून बाप स्वतः बसून मुलाला पिंड देत होता.

"कावळा लागलींच शिवतो," मामा म्हणाले. "दर महिन्याला. कांहीं राहिलं नाहीं म्हणून समाधान."

कुंभकोणमचे कावळे. त्यांना रोजच भूक असते.  मी जमिनीवर बसलो. पाय लांब करून बसावं लागे, तेही मला तिथं अपराध्यासारखं वाटलं.

मामी दाराच्या आड होत्या. पाणी त्यांनीच आणून ठेवलं.

मामा समोर बसले. "तूं होतास की तिथं," ते म्हणाले. "मग मला एक सांग. तारेंत रात्रीं म्हणून आहे. किती वाजतां म्हणून नाहीं. अमावास्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुटली. रात्रीं गेला तर अमावास्या ठीक. सकाळीं सुटल्यावर गेला तर तिथी वेगळी. आधीं गेला की मागून?"

तिथं मी एक शब्द बोललो असतो, आधी, तर विषय संपला असता. म्हातारा निश्चिंत झाला असता. पण ज्या माणसाचा आवाज मी दिवसभर ऐकला होता, त्याच्या नावानं त्या दिवशीचा पिंड पडत होता. तो जिवंत असताना.

"मागून, मामा," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशीं. ऊन गेल्यावर."

मामा हलले नाहीत. "सगळा दिवस?" म्हणाले.

"सगळा दिवस."

आणि मग मी सगळं सांगितलं. शिळा, गन, पवारांचा खांदा, पायवाट, डबा, अमावास्या सुटली का ते. ते मधे मधे फक्त एवढंच म्हणत, "मग?" दाराआडून मामींचा आवाज आला, "पाणी होतं कां त्याच्याजवळ?" मी म्हणालो, बाटली होती, आणि शिळेखाली बर्फ होता. बर्फ होता हे खरं आहे. मामी म्हणाल्या, "थंड पाण्यानं त्याचा घसा बसतो." आणि आत गेल्या. त्या बाहेर आल्या नाहीत. भांड्यांचा आवाजही आला नाही.

मामा उठले. खिळ्यावरचं पंचांग काढलं, चष्मा लावला. मागच्या वर्षाचं पंचांग त्यांनी ठेवलं होतं. बोट लावून बघितलं.

"प्रतिपदा तिसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत आहे. रात्रीं केव्हां कां होईना, चुकायचं नाहीं. आषाढ शुद्ध प्रतिपदा." ते चष्मा काढून उभे राहिले. "महिनाच बदलला, नारायणा. इतके दिवस जित्या लेंकराला पिंड घातले मी."

मी म्हणालो, मामा, तुमची काय चूक. तारीख त्यांनी दिली. ते म्हणाले, "चूक कोणाची म्हणून कोठें पुसतों मी? तो दिवस कोठें गेला म्हणून पुसतों. त्यानं तो दिवस काढला. तो कागदावर नाहीं."

हेच मलाही झोंबत होतं, फक्त मला असं सांगता आलं नव्हतं. मधल्या काळात गुरुराजला सेना मेडल जाहीर झालं होतं. साइटेशनमध्ये, म्हणजे मेडलबरोबरच्या मानपत्रात, लिहिलं होतं की त्यानं रात्रीच्या अंधारात संगरावर ग्रेनेड घेऊन चढाई केली आणि घटनास्थळीच वीरगती पत्करली. ग्रेनेड नव्हता. सेट होता. जे त्यानं खरोखर केलं, पायांतून रक्त जात असताना दिवसभर बघितलं आणि सांगितलं, आणि ज्याच्या जोरावर कंपनी जिंकली, त्याचा एक शब्द नव्हता. ती माहिती 'कंपनीच्या टेहळणीतून' मिळाली असं दुसरीकडे लिहिलं होतं. रात्री मेलेला माणूस दुपारी टेहळणी कशी करणार? तेव्हा त्यांनी कागद जुळवून घेतला. मेजर साहेबांना मी नंतर भेटलो. ते म्हणाले, "मैंने शाम को करेक्शन भेजा था, नारायण. किसी ने उठाया नहीं." माझा त्यांच्यावर विश्वास आहे. उचलला असता तर एक जिवंत जवान दिवसभर तिथं का राहिला, हेही कोणाला तरी लिहावं लागलं असतं.

मामांच्या सांगण्यावरून मी रेकॉर्डचं काम बघणाऱ्या एका साहेबांना फोन लावला. आवाज सभ्य होता. म्हणाले, तारीख बदलली तर साइटेशन नव्यानं करावं लागेल. आणि ते नव्यानं झालं तर मेडल राहीलच असं मी सांगू शकत नाही. भावना समजतो मी तुमच्या. बघा, काय करायचं.

मी मामांना जसंच्या तसं सांगितलं. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

"राहूं दे. मेडल त्यांच्या गुरुराजचं. त्यांनी ठेवावं, त्यांच्या तारखेला," म्हणाले. "आमचा दुसऱ्या दिवशीं गेला."

पुढच्या प्रतिपदेपासून तिथी बदलली. भटजींनी कुरकुर केली, मामांनी ऐकली नाही.

शहरानं मात्र सरकारी तारीख धरली. नाचियार्कोविलच्या रस्त्याच्या तोंडाशी कमान उभारली. कमानीच्या खांबावर काचेआड गुरुराजचा फोटो, डोक्यावर रंगवलेली भलत्याच पलटणीची टोपी. चित्रकाराला तीच सापडली. मी सांगितलं, पुढच्या वेळी करू म्हणाले. पंचवीस वर्षं होत आली, पुढची वेळ यायची आहे. दर वर्षी त्या तारखेला मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. कोणीतरी पुढारी येतो, गुरुराजचं नाव कागदावरून वाचतो, एकानं तर गणराज वाचलं. आईला पितळी समई देतात. मामींकडे आता इतक्या समया आहेत की लावायला घर पुरणार नाही. एकही लावलेली मी पाहिली नाही.

मामा दर वर्षी जायचे. पुढच्या खुर्चीवर ताठ बसायचे. आणि दर वर्षी हाराची वेळ आली की मान हलवून नाही म्हणायचे. पोलीस, पुढारी, शाळेतली बाई, सगळे हार घालायचे, बाप घालायचा नाही. लोक म्हणत, म्हातारा गर्विष्ठ आहे. काही म्हणत, दुःख अजून ओलं आहे. एक-दोघांनी समजूत काढायला मला पाठवलं. खरं तर मलाही कळलं नव्हतं. मी एकदा विचारलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फलाटावर उभं राहून गाडी कुठे आहे विचारतोय.

"आज तो जिता आहे की," ते म्हणाले. "जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालतात कां?"

घरात त्या दिवशी कोणी गुरुराजचं नाव 'होता' असं घेत नसे. मामी भात जास्त टाकत. वाढत नसत, मोठ्यानं काही म्हणतही नसत. नुसता जास्त टाकत. दुसऱ्या दिवशी ऊन गेल्यावर दोघं रिक्षानं कमानीपाशी जात. खुर्च्यांचा टेम्पो गेलेला असे, कालचे हार वाळलेले असत. मामा वाळके हार काढत, आपला ताजा घालत. हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी मांडवातलं जेवण जेवून गावाला परतत असे.

मामा गेल्या वर्षी गेले. झोपेत, पहाटे. मामींनी उठून आधी घड्याळ बघितलं आणि मग रडल्या. असं त्यांनीच मला सांगितलं.

यंदा हा कार्यक्रम करणाऱ्या मंडळाचा माणूस माझ्या घरी आला. म्हणाला, गुरुराजचे वडील नाहीत, आईंना उभं राहवत नाही, तेव्हा कुटुंबातर्फे तुम्ही हार घाला. मी गेलो. मांडव भरलेला होता. पुढाऱ्यांना उशीर झाला, तोवर देशभक्तीची गाणी लावली होती, इतकी मोठ्यानं की शेजारच्या चहावाल्यानं कानात कापूस घातला होता. माझं नाव पुकारलं. माझ्या हातात हार दिला, गुलाब-जाईचा, जड. फोटोसमोर उभा राहिलो. भलती टोपी, पुढे आलेले दात मात्र त्याचेच. त्या दिवशी या वेळी तो नाल्यात आमच्यात होता. पाठीवर सेट चढवून घेत होता.

मी हार परत तबकात ठेवला. माइक पुढे आलाच होता. तमिळमध्ये म्हणालो, "आज नको. उद्या संध्याकाळी घालू. आज तो जिवंत आहे."

टाळ्या वाजल्या. कशाला वाजवल्या ते त्यांनाच ठाऊक. निवेदकानं 'अमर रहे' म्हणून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं. मी खाली आलो. मंडळाचा माणूस माझ्या कानाशी म्हणाला, सर, ऐन वेळी असं बरं दिसत नाही. मी म्हणालो, बरं दिसायला काही आहेच काय इथं?  जेवायला मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी मामींना घेऊन कमानीपाशी गेलो. खुर्च्या नव्हत्या. मांडवाचे बांबू आडवे पडले होते, त्यांच्यावर एक म्हातारा वेड्यावाकड्या केळ्यांचा घड घेऊन बसला होता. नाचियार्कोविलची बस गेली, तिच्या धुरळ्यात आम्ही उभे राहिलो. मी कालचे हार काढले. मग दोघं आठवले, शिपाई गुरुराज राव, आणि त्याच्यापासून चार हातांवर पडलेले सुभेदार शिंदे. साहेबांचं नाव या कमानीवर नाही, त्यांचं गाव लांब आहे. मी ते मनात घेतलं.

मामींना आता नीट दिसत नाही. त्यांनी हार दोन्ही हातांत धरला होता.

"ऊन गेलं कां, नारायणा?"

मी पश्चिमेकडे बघितलं. नारळींच्या मागे थोडा तांबूस उजेड उरला होता. तोही जाईपर्यंत आम्ही थांबलो. रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न दिला, मग इंजिन बंद केलं.

"गेलं, मामी."

त्यांचा हात फोटोपर्यंत पोचत नव्हता. मी त्यांचं मनगट धरून वर नेलं. हार बसला. त्यांनी पदरानं काच पुसली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, तापातल्या पोराचा घाम पुसावा तशी.

"आतां नीज," त्या म्हणाल्या.